सिम्युलेटर हवाच, पण हाताला केबलही लागू द्या

पॅकेट ट्रेसर हे संगणकावर नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर (सिम्युलेटर) फुकट मिळतं, मग नवी मुंबईतल्या कॉलेजांनी नेटवर्किंगच्या लॅबसाठी खऱ्या राऊटर-स्विचवर पैसे का घालावेत, असं काहीजण विचारतात. राऊटिंग, म्हणजे डेटाला एका नेटवर्कमधून दुसऱ्यात वाट दाखवणं, शिकायला ते उत्तमच. पण त्यात केबल खराब निघत नाही.

आरजे-४५ला, म्हणजे नेटवर्क केबलच्या टोकाच्या प्लगला, तारा लावताना एकमेकींभोवती पिळलेल्या तारांची एक जोडी तिसऱ्या आणि सहाव्या पिनवर न्यावी लागते. मुलं ती तीन-चारवर बसवतात. दोन्ही टोकांना तीच चूक, म्हणून साधा टेस्टर सगळे दिवे व्यवस्थित दाखवतो आणि लांब केबलवर मात्र सिग्नल एकाच पिळातल्या जोडीवरून जात नसल्याने पॅकेट (डेटाचे तुकडे) गळत राहतात. हा दोष शोधताना तारांना पीळ का असतो ते जे कळतं, ते स्क्रीनवर कळणं अवघड.

नवं महागडं सामान नकोच. महापे-ऐरोलीत एवढी डेटा सेंटर आहेत. कंपन्यांनी बदललेले जुने मॅनेज्ड स्विच (ज्यांची सेटिंग बदलता येते असे) मागून तरी बघा. चार स्विच, दोन राऊटर, कन्सोल केबल (त्यांची सेटिंग करायला), पॅच पॅनेल (केबल जोडायची पट्टी), क्रिम्पिंग टूल (प्लग दाबून बसवायचं अवजार) एवढ्यावर सुरुवात होते. पॅकेट बघायला वायरशार्क हे सॉफ्टवेअर मोफत आहे.

फक्त लॅब कॉलेजच्या नेटवर्कपासून पूर्ण वेगळी ठेवा. नाहीतर एखाद्या विद्यार्थ्याचा डीएचसीपी सर्व्हर (संगणकांना आपोआप आयपी पत्ते देणारा) थेट ऑफिसातल्या संगणकांना पत्ते वाटू लागेल.