अनुभव धागा: उन्हाळी शिबिरात मुलांकडून जुनी संगीत नाटकं बसवताना

9 ते 14 वयाच्या मुलांकडून देवल-किर्लोस्करांचे प्रवेश बसवून घेणाऱ्यांनी इथे लिहावं. 'मुलांनी खूप एन्जॉय केलं' एवढंच नको. किती दिवस, किती मुलं, काय फसतं आणि का, ते हवं. सुरुवात मीच करते.

12 दिवस, रोज अडीच तास, 20 ते 24 मुलं, या हिशोबात 15 मिनिटांचा एकच तुकडा नीट होतो. हालचाली धरून मूल मिनिटाला 90-100 शब्द बोलतं, म्हणजे संहिता 1400 शब्दांच्या आत हवी. काटछाट करायची ती प्रवेशांची आणि लांब स्वगतांची. उरलेली वाक्यं सोपी करत बसू नका. देवलांचं वाक्य 'आजच्या भाषेत' आणलं की त्यातला ठेका जातो, आणि पाठांतर त्या ठेक्यावरच होतं.

संहिता टाइप करणारी

जुन्या पुस्तकांच्या झेरॉक्स मुलांच्या हातात देऊ नका. त्यात 'तें', 'नाहीं', 'केलें' असे अनुस्वार असतात आणि मुलं ते खणखणीत वाचतात: 'केलेम्'. पहिल्या वाचनात बसलेला हा उच्चार पुढे आठवडाभर निघत नाही. प्रत नव्याने टाइप करा, 16 पॉइंटात, उजवीकडे तीन बोटं समास सोडून. संवादात 'झालें'चं सरळ 'झालं' करा. पदात मात्र 'झाले'च ठेवा, नाहीतर यमक मोडतं.

अर्थ अडतो तो कठीण संस्कृत शब्दांवर नव्हे. मुलं ते विचारतात तरी. देवलांच्या 'शारदा'तलं (म्हाताऱ्या भुजंगनाथाशी लहान शारदेचं लग्न लावू पाहतात ते नाटक) 'म्हातारा इतुका न, अवघे पाऊणशे वयमान' घ्या. पाऊणशे म्हणजे 75 हे निम्म्या मुलांना माहीत नसतं, आणि तसं कुणी सांगतही नाही. मग ती ओळ ती गंभीरपणे गातात. आधी फळ्यावर पाऊणशे, सव्वाशे, दीडशे लिहून घ्या. आकडा कळला की 'अवघे' या शब्दावर हसू आपोआप येतं, शिकवावं लागत नाही.

जाता जाता: 1929 चा बालविवाह रोखणारा 'शारदा कायदा' या नाटकावरून आला असं शिबिरांत सर्रास सांगतात. तो हरबिलास सारडा यांच्या नावाचा. नाटक 1899 चं.

पेटी धरणारा

पदं दोन, फार तर तीन. प्रत्येकाचं धृपद आणि एक कडवं, दीड मिनिटात संपवायचं. ताना नकोत. आवाज न फुटलेल्या मुलांना साधारण काळी चार (पेटीवरची वरची पट्टी) चालते. 13-14 च्या मुलग्यांचा आवाज फुटत असतो, त्यांना वरच्या पट्टीत ओढू नका. खाली गाऊ द्या किंवा गद्य भूमिका द्या. कराओके ट्रॅक टाळा. मूल ओळ विसरलं तर ट्रॅक थांबत नाही, पेटी थांबते.

नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं स्तवन, सगळ्यांनी मिळून. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'ची घ्यायची तर 'पंचतुंड । नररुंड । मालधर' असे तुकडे पाडून दोन दिवस नुसती टाळीवर म्हणवून घ्या, सूर तिसऱ्या दिवशी. पाच तोंडांचा, माणसांच्या मुंडक्यांची माळ घातलेला देव म्हटल्यावर मुलं पुढचं स्वतःच विचारतात.

'संशयकल्लोळ' वारंवार बसवणारी

वर सगळे भाषेवर बोलताहेत. मी वस्तूपासून सुरू करते. या नाटकाचं इंजिन एक तसबीर आहे. ती रेवतीकडून कृत्तिकेकडे, तिच्याकडून फाल्गुनरावाकडे जाते आणि ज्याच्या हाती दिसते त्याच्यावर कुणीतरी संशय घेतं. पहिले दोन दिवस एकही संवाद नाही. फक्त तसबीर फिरवायची. मध्येच टाळी वाजवून विचारायचं: आता ती कुणाकडे आहे, आणि तो काय समजून बसलाय? याचं उत्तर येईपर्यंत पुढे जायचं नाही. हे वगळलं तर मुलं संशयाच्या जागी नुसता राग दाखवतात आणि सगळे एकाच सुरात ओरडतात.

तसबीर पुठ्ठ्याची, साधारण 10 बाय 15 सेंटीमीटर. काच अजिबात नको. खरोखरीच्या लॉकेटएवढी केली तर तिसऱ्या रांगेतून दिसत नाही. दोन करून ठेवा, एक प्रयोगाच्या दिवशी हरवतेच.

नावं पाठ होत नसतील तर भिंतीवरचं कॅलेंडर काढा: फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, वैशाखशेठ हे महिने, रेवती, कृत्तिका ही नक्षत्रं. 12 वर्षांखालच्यांना मात्र हे नाटक देऊ नये असं माझं मत. नवरा-बायकोतला संशय त्यांना पोचत नाही. त्यांच्यासाठी 'सौभद्र'. नारद, खोटा संन्यासी, पळवापळवी, सगळं त्यांच्या खेळातलंच.

कपडेपट

आईची नऊवारी लहान मुलीला नेसवू नका. कंबरेशी गोळा होतो आणि पायऱ्यांवर पाय अडकतो. मापाने शिवून घ्या, किंवा साधं परकर-पोलकं. 'शारदा'ला तेच शोभतं. दाढी-मिशीचा गोंद आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, लाल झालं तर मिशी पेन्सिलने. भुजंगनाथ करणाऱ्या मुलाला काठी देऊ नका. काठी आली की पाठ वाकते, हात थरथरतो. तो म्हातारा नवरा मुलगा व्हायला निघालाय. ताठ उभं राहायला सांगा आणि बसताना दोन मात्रा जास्त घ्यायला सांगा.

हिशोब बघणारा

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतात. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर मोकळे आहेत. अत्रे 1969 ला गेले, म्हणजे 2029 संपेपर्यंत 'साष्टांग नमस्कार'मधला एक प्रवेश करायचा तरी परवानगी घ्या. महाराष्ट्रात जाहीर प्रयोग असेल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. शिबिर सुरू होण्याआधीच अर्ज करा. मग आठव्या दिवशी संहिता बदलायचा मोह झाला तरी हात आवरावा लागेल.