'नज'ला मराठीत काय म्हणावं?

मुक्ता_अ: ज्येष्ठ नागरिकांच्या पुस्तिकेचा अनुवाद करतेय. विषय: दिवसभर फोनवर बातम्या बघत बसण्याची सवय. त्यात 'डिजिटल नज' पदोपदी येतो, म्हणजे सक्ती न करता वागणं बदलायला लावणारा फोनमधला हलकासा धक्का (इंग्रजी nudge). उदाहरणार्थ, ठरवलेली वेळ संपली की ॲप अडतं, पण 'आजच्यापुरतं चालू द्या' हे बटणही पुढ्यात असतं. मी 'कोपरखळी' लिहिलं, संपादकांनी खोडून 'सौम्य प्रवर्तन' केलं. हे कोणाला कळणार?

खडूफळा: प्रवर्तन नकोच, पण कोपरखळीही नको. कोपरखळी शब्दांची असते आणि ती झोंबते. 'टोचणी' कशी वाटते?

मुक्ता_अ: टोचणी मनाची. रात्री एक वाजता बातम्या चाळणाऱ्याला ती असतेच की, तरी अंगठा थांबत नाही.

परभणीकर: 'पराणी' घ्या! पराणी टोचली की बैल चालतो.

खडूफळा: अहो, इथे बैल थांबवायचाय.

सदू_मास्तर: म्हणून 'हटकणे'. देवळाचा रखवालदार "कोण हो?" म्हणून हटकतो, अडवत नाही. २०२० मध्ये ट्विटरने लेख न उघडताच पुढे ढकलणाऱ्यांना "आधी वाचणार का?" असं विचारायला सुरुवात केली. ते हटकणंच.

शुद्धमती: हटकणे हिंदीतून आलंय.

सदू_मास्तर: ताई, आमच्या आजीला हिंदीचा गंध नव्हता, पण अंगणातून जाणाऱ्या प्रत्येकाला ती हटकायची. आणि 'हिंदी' हा शब्द तरी कुठला? फारसीच ना?

खडूफळा: हटकायला बोलावं लागतं. ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर मुताऱ्यांत माशीचं चित्र काढलं, शिंतोडे कमी व्हावेत म्हणून. ती माशी कोणाला हटकते? 'नज' ही कल्पना पुस्तकातून मांडणाऱ्या थेलर-सनस्टीन या अभ्यासकांच्या २००८ च्या व्याख्येत बंदी नाही, आमिष नाही, नुसती मांडणी बदलायची. फोनचे रंग घालवून पडदा करडा केला तर तोही नजच, आणि तो मुका. 'खुणावणे' बसेल.

परभणीकर: खुणावतात ते "ये" म्हणून. बातमीच खुणावते हो दिवसभर!

शुद्धमती: सरळ 'सूचना' म्हणा.

मुक्ता_अ: सूचना म्हणजे नोटिफिकेशन झालंय आता. त्यांच्यामुळेच तर हा आजार! आमच्या बाबांना 'ब्रेकिंग'चं टिंग वाजलं की घास हातात राहतो.

परभणीकर: आमच्या काकांचंही तेच. ते टिंग बंद कसं करायचं?

सदू_मास्तर: अँड्रॉइड ना? आलेल्या बातमीवर बोट दाबून धरा, बंद करायचा पर्याय तिथेच येतो. आणि शुद्धमतीताई, 'बंद'सुद्धा फारसीच बरं का.

शुद्धमती: 'बंध' संस्कृत आहे, मास्तर.