३ ची लीड, १२ सेकंद: फाऊल करायचा की नाही? (आणि मध्येच कबड्डी)

आडवा_हुक
आज (२२ मे २०२५) पहाटे साडेपाचला उठून एनबीएची बास्केटबॉल मॅच बघितली, न्यूयॉर्क निक्स विरुद्ध इंडियाना पेसर्स, प्लेऑफचा गेम १. मॅच संपून चहा गार व्हायच्या आत इथे 'चौथी_अ' यांचं वाक्य वाचलं: "३ ची लीड, १५ सेकंदांच्या आत वेळ, डोळे मिटून फाऊल. हे मत नाही, गणित आहे. निक्स हरले तरी निर्णय बरोबरच होता. ज्यांना पटत नाही त्यांनी चौथीचं पुस्तक काढावं."

काढलं पुस्तक. म्हणजे मुद्दाम फाऊल करायचा, समोरच्याला दोन फ्री थ्रो द्यायचे, पण तीन पॉइंटचा थ्री मारू द्यायचा नाही. आता ऐका.

तीन मिनिटंही उरली नव्हती आणि निक्स १४ ने पुढे, त्यांच्या घरच्या मैदानात, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोक नाचतायत, मग पेसर्सचा तो नेस्मिथ एकामागून एक थ्री टाकत सुटला (चौथ्या क्वार्टरमध्ये सहा, सहा!) आणि लीड उरली ३ ची. १२४-१२१. आता निक्सनी तुमचं पुस्तक वाचलं, नेस्मिथला फाऊल करून फ्री थ्रोच्या लाईनवर पाठवलं, त्याने दोन्ही टाकले, १२४-१२३. मग पेसर्सनी निक्सच्या अनुनोबीला फाऊल केला, ७.१ सेकंद बाकी, त्याचा एक गेला एक चुकला, १२५-१२३. आणि पेसर्सच्या हॅलिबर्टनने शेवटच्या क्षणी मारलेला बॉल रिमवर आपटून पार शॉट क्लॉकच्या उंचीला गेला, वरून सरळ आत. पाय थ्रीच्या लाईनवर होता म्हणून दोनच पॉइंट. गड्याला वाटलं थ्री आहे, जिंकलो, म्हणून पेसर्सच्या रेजी मिलरने १९९४ ला इथेच केलेली गळा दाबायची खूण करून मोकळा. ओव्हरटाइममध्ये पेसर्स जिंकले, १३८-१३५.

आता सांगा, फाऊल केला नसता तर त्या दोन पॉइंटच्या बास्केटने बरोबरी झाली असती का? नसती. ३ च्या लीडमध्ये समोरच्याला थ्रीच लागतो. तुम्ही स्वतःच्या हाताने लीड अशी करून ठेवली की त्याला दोन पुरले.

माझं म्हणणं एवढंच आहे की फाऊल करणं म्हणजे फ्री थ्रोची स्पर्धा आपणहून लावून घेणं. आणि पुढे असलेली टीम ती स्पर्धा हरते. यादी काढा. २००९ फायनल्स गेम ४, लेकर्सविरुद्ध ओरलँडोचा ड्वाईट हॉवर्ड ११.१ सेकंद बाकी असताना दोन्ही चुकला. २०१३ फायनल्स गेम ६, मायामीविरुद्ध सॅन अँटोनियोचा जिनोबिली एक चुकला, मग कवाय एक चुकला. गेल्या वर्षी निक्स-सिक्सर्स गेम ५, निक्सचा जॉश हार्ट एक चुकला. या महिन्यात ओक्लाहोमा-डेन्व्हर गेम १, ओक्लाहोमाचा होल्मग्रेन दोन्ही चुकला. आज अनुनोबी. टीव्हीवर मात्र आठवडाभर "फाऊल का केला नाही" नाहीतर "फाऊल का केला" हेच दळण.

चौथी_अ
वा. माझं नाव घेऊन एवढा मोठा निबंध. धन्यवाद.

तुमच्या यादीतल्या किती मॅचमध्ये पुढच्या टीमने फाऊल केलाच नव्हता ते बघितलंत का? २००९, ओरलँडोचा कोच व्हॅन गंडीने केला नाही, त्याच्या जमीर नेल्सनने लेकर्सच्या फिशरला अंतर दिलं, ४.६ सेकंदांवर थ्री, बरोबरी, ओव्हरटाइममध्ये खेळ खलास. २०१३, सॅन अँटोनियोचा कोच पॉपोविचने केला नाही, मायामीच्या रे ॲलनचा थ्री, ५.२ सेकंद, बरोबरी. २०२४, निक्स ६ ने पुढे असताना सिक्सर्सच्या मॅक्सीला थ्री मारताना ठोकला, चार पॉइंट, मग हार्टचा एक फ्री थ्रो, लीड परत ३, आणि तेव्हा फाऊल करायचा तर केला नाही, मॅक्सीने पार लांबून मारला, ८.१ सेकंद, ९७-९७. तीन मॅच तुम्हीच दिल्यात आणि तिन्ही माझ्या बाजूच्या.

गणित सोपं आहे. थ्री जाण्याची शक्यता धरा ३५ टक्के, मग ओव्हरटाइम अर्धा-अर्धा, म्हणजे १७-१८ टक्के धोका. फाऊल केलात तर त्याला पहिला फ्री थ्रो टाकायचाय, दुसरा मुद्दाम चुकवायचाय, रिबाउंड (चुकून उडालेला बॉल) घ्यायचाय, परत टाकायचाय. हे सगळं जमण्याची शक्यता काढा आणि मला कळवा.

आडवा_हुक
पहिला टाकून दुसरा चुकवायचं कधी? ३-४ सेकंद उरल्यावर. १२ सेकंद असताना कोण मुद्दाम चुकवतो? दोन्ही टाकतो आणि लगेच तुम्हाला फाऊल करतो. आता तुमच्या माणसाने दोन्ही टाकायचे. ७८ टक्के म्हणजे चांगला शूटर ना? तो दोन्ही टाकतो शंभरात ६१ वेळा. उरलेल्या ३९ वेळांचं तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय? आणि हे एकदा नाही, परत परत. ओक्लाहोमाने हेच केलं ना, ३ ची लीड आली की फाऊल, फाऊल, फाऊल. शेवटी होल्मग्रेन दोन्ही चुकला, डेन्व्हरचा वेस्टब्रूक बॉल घेऊन पळाला, गॉर्डनचा थ्री, २.८ सेकंद, १२१-११९. शहाण्या कोचने खेळ लांबवायचा नसतो, संपवायचा असतो!

बे_एरियातला_बंड्या
२०१३ चा विषय निघालाच आहे तर. फाऊलचं राहू द्या, सॅन अँटोनियोचा उंच डंकन बाकावर बसला होता. ३० पॉइंट, १७ रिबाउंड घेतलेला माणूस शेवटच्या अर्ध्या मिनिटात टॉवेल घेऊन बसलाय आणि मायामीला दोनदा ऑफेन्सिव्ह रिबाउंड (स्वतःचाच चुकलेला बॉल) मिळतो. पहिल्यावर लेब्रॉनचा थ्री, दुसऱ्यावर बॉशने बॉल ओढला आणि ॲलन उलटं पळत कोपऱ्यात. मी तेव्हा सॅन होजेला नवीन होतो, चार रूममेट, एक सोफा, आणि बक्षीस समारंभासाठी कोर्ट अडवायचा तो पिवळा दोर घेऊन माणसं कोर्टच्या कडेला उभी होती ते बघून आमचा एकजण पिझ्झा आणायला गेला. तो परत आला तेव्हा ओव्हरटाइम चालू होता. आजही तो म्हणतो तुम्ही मला फसवलंत.

चौथी_अ
डंकन काढला तो स्विच (डिफेन्समध्ये माणसांची अदलाबदल) करता यावं म्हणून. मायामीने शूटर भरले होते. निर्णय बरोबर, नशीब वाईट.

बे_एरियातला_बंड्या
तुमच्याकडे सगळे निर्णय बरोबरच असतात का हो? थ्रीवर एवढं लक्ष की चुकलेल्या थ्रीचं काय होतं याचा विचारच नाही.

नागपाड्याचा_सिक्स्थ_मॅन
सगळे टीव्हीवाले बोलतायत, आता खेळलेल्याचं ऐका. आमच्या गल्लीत पोरगं चालायला लागलं की बॉल देतात हातात. २००६ की ०७, इंटर-कॉलेज, मी पॉइंट गार्ड, ३ ने पुढे, ९ सेकंद. सर बाहेरून बोंबलतायत फाऊल फाऊल. मी गेलो, बॉलवर हात मारायचा सोडून पोराची कंबर धरली. रेफ्रीने अनस्पोर्ट्समनलाइक दिला. दोन फ्री थ्रो आणि वर बॉल त्यांचाच. दोन्ही गेले, मग साइडने बॉल टाकून लेअप. एका पॉइंटने हरलो. सरांनी परतीच्या ट्रेनमध्ये माझ्याशी एक शब्द बोलला नाही, वडापाव सगळ्यांना दिला, मला नाही.

म्हणून सांगतो, फाऊल करा म्हणणं सोपं. बॉलवर जाऊन करायचा, शूटर हात वर करायच्या आधी करायचा, बॉल आत यायच्या आधी करायचा नाही (केलात तर एक थ्रो आणि बॉल त्यांनाच). १९९९ ला निक्सचा लॅरी जॉन्सन आठवतो? इंडियाना ९१-८८ पुढे, त्यांच्या अँटोनियो डेव्हिसचा जरासा धक्का, शिट्टी, थ्री आत, वर फ्री थ्रो. ९२-९१. प्लेऑफमध्ये आवाज एवढा असतो की कोचचं ऐकू पण येत नाही.

चौथी_अ
तुम्ही कंबर धरलीत त्यात स्ट्रॅटेजीची काय चूक? उद्या कोणी स्कूटर नाल्यात घातली तर म्हणाल स्कूटरच नको.

नागपाड्याचा_सिक्स्थ_मॅन
भाई तू कधी ९ सेकंद राहिलेले असताना कोर्टवर उभा होतास का? हो की नाही एवढंच सांग.

डावा_कोपरा
मी बास्केटबॉल फक्त मुलामुळे बघते, पण हा प्रश्न आमच्याकडे फार जुना आहे. कबड्डीत सेम. जिल्हा अजिंक्यपद, शेवटची चढाई, आम्ही दोनने पुढे. कर्णधार ओरडून सांगतेय, कुणी हात लावायचा नाही, तिला बोनस घेऊ दे, एक गुण देऊन टाका, एकने जिंकतो. मी डावी कोपरारक्षक. तिने पाय टाकला आणि तो घोटा माझ्या समोर दीड फुटावर आला. दहा वर्षं त्याच घोट्यासाठी सराव केलेला. धरला. ती बाई आडदांड, मला ओढत, मदतीला आलेल्या दोघींना ओढत मध्यरेषेला बोटं लावून मोकळी. तीन गुण. एकने हरलो. गुडघा सोलला तो वेगळाच.

तर मला वाटतं, देता येण्यासारखं द्यावं आणि घरी जावं. तुमचे ते दोन फ्री थ्रो म्हणजे आमचा बोनस.

चौथी_अ
ताई, तुम्ही एकट्याच आहात ज्यांना कळलं.

आडवा_हुक
कळलं कसलं? कबड्डीत बोनस दिल्यावर खेळ संपला. इथे दोन दिल्यावर बॉल घेऊन आपल्यालाच परत लाईनवर उभं राहावं लागतं. उदाहरण माझ्या बाजूचं आहे, ताईंनी खेळ संपवायला सांगितलंय.

मातीतला
थांबा थांबा. बोनस मिळायला मैदानात सहा तरी बचावपटू लागतात. शेवटच्या चढाईला तुमच्या सहाजणी होत्या का? नसतील तर कर्णधार काय मूर्ख होती का असं सांगायला? आणि मागचा पाय हवेत होता का?

डावा_कोपरा
होत्या सहा.

मातीतला
नाही म्हणजे मी पंच म्हणून काम केलंय, निम्म्या गोष्टींमध्ये लोकांना नंतर सहा आठवतात. मॅटवर खेळणारी पोरं तर बोनस मागत फिरतात. आमच्या वेळी मातीवर शेवटच्या पाच मिनिटांत पुढचा संघ काय करायचा? नुसता मध्यरेषेपाशी कबड्डी कबड्डी करून परत. रिकाम्या चढाया. लोक शिव्या घालायचे. मग तिसऱ्या चढाईचा नियम आला, दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा नाहीतर बाहेर बसा. खेळ वाचला. तुमच्या बास्केटबॉलने पण असंच काही करावं, शेवटची दोन मिनिटं वीस मिनिटं चालतात, मी नातवाबरोबर बघायला बसलो आणि झोपलो.

बे_एरियातला_बंड्या
केलंय ना काका. एलम एंडिंग. घड्याळ बंद, ठराविक आकडा ठरवायचा, जो आधी गाठेल तो जिंकला. २०२० च्या ऑल-स्टारमध्ये आणलं, कोबी ब्रायंटच्या आठवणीत पुढच्या टीमच्या स्कोअरमध्ये २४ (त्याच्या जर्सीचा आकडा) मिळवून आकडा ठरवला होता. मग फाऊल करून उपयोगच नाही.

मातीतला
हे चांगलं आहे. मग प्लेऑफला का नाही?

चौथी_अ
कारण मग रे ॲलनही नाही आणि हॅलिबर्टनही नाही. आणि कबड्डीचा वेगळा धागा काढा की राव, गावच्या मैदानातला हिशेब एनबीएला कशाला लावताय.

डावा_कोपरा
गावच्या मैदानातला म्हणजे काय? मगाशी तर मी एकटीच शहाणी होते.

नागपाड्याचा_सिक्स्थ_मॅन
😂 अजून उत्तर आलं नाही, हो की नाही.

चौथी_अ
नाही. नव्हतो उभा. मी कॉलेजला स्कोअर टेबलवर बसायचो. खूश? त्यामुळेच मला आकडे दिसतात, तुम्हाला फक्त तुमचा वडापाव.

पीटी_सर_पनवेल
बच्चेकंपनी, शांत. २०१९ ला वरळीला किंग्ज-पेसर्स पहिली मॅच झाली ती शाळेच्या पोरांसाठी होती, मी पोरं घेऊन गेलो होतो. १३२-१३१, ओव्हरटाइम. मॅच नुसती सरावाची, तरी शेवटच्या मिनिटाला माझी पोरं खुर्चीवर उभी. बाहेर आल्यावर सहावीतल्या एकाने विचारलं, सर, ते शेवटी पळायचे सोडून सारखे थांबत का होते. मला उत्तर देता आलं नाही.

माझा नियम साधा. पाचच्या आत सेकंद आणि समोरचा बास्केटकडे पाठ करून बॉल घेतोय, तर फाऊल. त्याच्या आधी नाही. आणि फाऊल करणार असाल तर लाईनवर कोण जाणार ते आधी ठरवा, ज्याला फ्री थ्रो येत नाही त्याच्या हातात बॉल जाताच कामा नये. मी प्रॅक्टिस संपवतो ती अशीच, सगळे दमलेले असताना दोन फ्री थ्रो, चुकला तर सगळी टीम परत पळणार. पोरं मला शिव्या देतात, मला माहितीये.

आडवा_हुक
सर, पाच सेकंदांचं मान्य. मी १२ सेकंदांबद्दल बोलतोय, पहिल्यापासून.

चौथी_अ
बरं. १२ सेकंद जरा लवकर होतं. जरा. पाच-सहाला केला असता तर तुमच्या अनुनोबीवर वेळच आली नसती. एवढंच देतो, आणि तेही तुमच्या युक्तिवादामुळे नाही, सरांमुळे. गेम २ ला निक्सनी फाऊल करून जिंकली की इथेच येऊन तुमची वाक्यं तुम्हालाच वाचून दाखवीन.

आडवा_हुक
या. चहा करून ठेवतो. साडेपाचला.

बे_एरियातला_बंड्या
डंकन काढायला नको होता पण.

मातीतला
त्या ताईंनी सहाचं अजून नीट सांगितलं नाही. बोनसवर पंचांनी हात वर केला होता का?

डावा_कोपरा
सहा होत्या. गुणपत्रिका ट्रंकेत आहे, सातवी बाहेर कोण होती तिचं नावही आहे त्यावर. पावसाने सकाळपासून लाईट गेलीये, आली की फोटो टाकते.