पॉलिसी शिकणाऱ्यांना क्वालिटेटिव्ह मेथड्स सक्तीच्या कराव्यात का?

रेघोट्या:
पब्लिक पॉलिसीच्या एका कोर्सचा सिलॅबस बदलायचं चाललंय. स्टॅटिस्टिक्सचे दोन पेपर सक्तीचे, आणि क्वालिटेटिव्ह मेथड्स (मुलाखती, निरीक्षण वगैरे आकड्यांपलीकडच्या पद्धती) ऑप्शनल, तेही दोन दिवसांच्या वर्कशॉपवर भागवायचं असं घाटतंय. मला हे अजिबात पटलेलं नाही म्हणून धागा काढतेय. धोरणात काम करणाऱ्या माणसाला धड मुलाखत घेता यायला हवी, एखाद्या ऑफिसात दिवसभर गप्प बसून काय चाललंय ते टिपता यायला हवं, आणि त्या टिपणांच्या गठ्ठ्यातून काहीतरी शोधून काढता यायला हवं. सक्तीचं आणि पूर्ण सत्रभर.

नेहमी देतात तेच उदाहरण देते. अमेरिकेत टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं मोठा प्रयोग झाला. लहान वर्ग १३ ते १७ मुलांचे, नेहमीचे २२ ते २५ मुलांचे, कोण कुठल्या वर्गात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, अकरा हजारांवर मुलं. लहान वर्गातली मुलं पुढे गेली. मग १९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्यभर एकदम वर्ग लहान करायला घेतले, आणि शिक्षक पुरेनात, पूर्ण पात्रता नसलेले घ्यावे लागले, खोल्या पुरेनात म्हणून लायब्ररीपर्यंत जागा वर्गांना द्यायची वेळ आली, आणि शेवटी जेवढी आशा होती तेवढं काही हाती लागलं नाही. टेनेसीचा आकडा खरा होता, पण तो कशाच्या जोरावर आला होता हे त्या आकड्यात लिहिलेलं नव्हतं.

चिकित्सक:
असहमत, आणि उदाहरणच चुकीचं निवडलंय. कॅलिफोर्नियात शिक्षक कमी पडणार हे कळायला मुलाखती कशाला हव्यात? मुलं भागिले वर्गाचा आकार, वजा हातात असलेले शिक्षक. पाचवीचं गणित. ते केलं नाही हा आळस आहे, त्यात मेथड्सचा काय संबंध?

माझा आक्षेप मूळचाच आहे. पंचवीस जणांशी बोलायचं, त्यातली रडवणारी दोन वाक्यं उचलायची, रिपोर्टच्या पहिल्या पानावर चौकटीत टाकायची आणि खाली शिफारस. मंत्र्याला गोष्ट आवडते, आकडा आवडत नाही, त्यामुळे धोरणात गोष्टींचा तुटवडा मुळीच नाहीये, उलट त्यांना लगाम घालायला कोणीतरी हवं. दोन वर्षांच्या कोर्समध्ये वेळ मोजका असतो. तो सॅम्पलिंगवर आणि कॉजल इन्फरन्सवर, म्हणजे कशामुळे काय झालं हे आकड्यांतून ठरवण्यावर घालवा. मुलाखत घ्यायला सगळ्यांना येतंच.

टवाळ:
"मुलाखत घ्यायला सगळ्यांना येतंच" हे वाक्य फ्रेम करून लावा कोणीतरी.

फील्डवाली:
चिकित्सक, शिक्षकांच्या गणिताचा मुद्दा मान्य. आता गणिताने न सुटणारं घ्या. तमिळनाडूत १९८० च्या दशकात लहान मुलांच्या पोषणाचा कार्यक्रम झाला, आयांना आहाराचा सल्ला आणि जोडीला पूरक आहार. बरा चालला. तसाच बेत १९९५ पासून बांगलादेशात, आणि तिथे परिणाम अगदीच फिका. जागतिक बँकेच्या २००५ च्या मूल्यमापनात जे पुढे आलं ते असं की तिथल्या खेड्यांत बाजारहाट पुरुष करतात आणि एकत्र कुटुंबात मुलाच्या पोटात काय जायचं हे बऱ्याच घरांत सासू ठरवते. सल्ला मात्र आईला. म्हणजे आईला सगळं पाठ झालं तरी तिच्या हातात काही नव्हतं. हे कुठल्या भागाकारातून येणार होतं?

चिकित्सक:
ते मूल्यमापन मुख्यतः सर्व्हेच्या डेटावरच उभं आहे, वाचलंय मी. "घरात हा निर्णय कोण घेतं" हा प्रश्न प्रश्नावलीत टाकला की झालं. टक्केवारी हातात.

फील्डवाली:
टाकला की झालं, बरोबर. पण टाकायचं सुचणार कोणाला? "आईला पोषणाची माहिती आहे का" हा प्रश्न सगळ्यांना सुचतो कारण कार्यक्रमच त्या समजुतीवर उभा आहे. सासू प्रश्नावलीत यायला आधी कोणीतरी स्वयंपाकघराच्या दारात बसलेलं असावं लागतं, किंवा जो बसलाय त्याचं लिखाण वाचलेलं असावं लागतं.

आणि मुलाखतीबद्दल. आमच्याकडे नवीन पोरं येतात ती हमखास विचारतात, "तुम्हाला योजनेचा लाभ मिळाला का? काही अडचण आली का?" समोरचा म्हणतो मिळाला, अडचण नाही. दोन मिनिटांत संपलं. तोच माणूस, "शेवटचं त्या ऑफिसात गेला होतात ना, तेव्हा घरातून निघाल्यापासून काय काय झालं ते सांगा" असं विचारलं की पाऊण तास बोलतो. एका ट्रान्स्क्रिप्टचा (मुलाखत शब्दशः उतरवलेली असते त्याचा) तुकडा देते, ओळख पटेल असं सगळं काढून:

"अर्ज भरलात का?" "हो, भरला ना." "कसा भरला?" "म्हणजे त्यांनीच भरला. मी सही केली." "त्यांनी म्हणजे?" "तिथे बाहेर बसतात ते. आतले लोकच सांगतात त्यांच्याकडे जा म्हणून."

सर्व्हेत याच्यावर "अर्ज स्वतः भरला: होय" अशी टिक पडली असती, कारण त्याचं पहिलं उत्तर तेच होतं. कोडिंग करताना, म्हणजे ट्रान्स्क्रिप्टच्या एकेका तुकड्याला छोटं नाव देताना, नवखा माणूस इथे "अर्ज प्रक्रिया" असं लिहून मोकळा होतो. त्याने काहीच होत नाही, तो नुसता डब्यावरचा विषय झाला. "आतल्या लोकांनीच बाहेरच्याकडे पाठवणं" असं लिहिलं की मग बाकीची ट्रान्स्क्रिप्ट्स तुम्ही वेगळ्या डोळ्यांनी वाचता, कोणाला पाठवतात, कोणाला नाही पाठवत, ज्याला पाठवलं नाही तो कोण होता. हे सरावाने येतं आणि सराव दोन दिवसांत होत नाही.

नवखा०७:
भाबडा प्रश्न. आता एआयला सगळी ट्रान्स्क्रिप्ट्स दिली की थीम्स काढून मिळतात, मी करून बघितलंय, मिनिटभरात होतं. मग हे सगळं शिकायचं कशाला?

रेघोट्या:
काय थीम्स मिळाल्या ते पण सांग की :) "जागरूकतेचा अभाव", "समन्वयाचा अभाव", "प्रक्रियेतील गुंतागुंत" असंच काही ना? कुठल्याही देशातल्या कुठल्याही योजनेला चिकटवा, बसतंच. टायपिंग, भाषांतर, शोधाशोध यांना जरूर वापर. पण "त्यांनीच भरला" मधला "त्यांनी" कोण, हे परत जाऊन विचारायला पाहिजे असं वाटणं, ते काम तुझं.

मध्यममार्गी:
दोन्हीकडचं थोडं थोडं पटतंय. पण चिकित्सकांचा एक मुद्दा कोणी घेतलाच नाही, की चांगलं-वाईट ठरवायचं कसं? रिग्रेशनसारख्या आकडेमोडीत निदान चूक दाखवता तरी येते. इथे किती मुलाखती पुरे, हे तरी कोणी सांगतं का? मला कोणीतरी बारा सांगितलं होतं.

चिकित्सक:
हां, हे बारा! यावर मी फार वैतागलोय. ते २००६ च्या एका पेपरमधून आलंय. घाना आणि नायजेरियातल्या साठ बायकांच्या मुलाखती तपासल्या आणि दिसलं की नवीन कोड बहुतेक सगळे पहिल्या बारा मुलाखतींतच येऊन गेले. पण त्या बायका बऱ्यापैकी एकसारख्या गटातल्या होत्या आणि विषयही मर्यादित. लेखकांनी ते स्वतःच बजावलंय. पण लोक बारा आकडा उचलून सगळीकडे ठोकतात, अधिकारी, लाभार्थी, कंत्राटदार सगळे मिळून बारा! आणि वर आम्हालाच सांगतात की तुम्ही आकड्यांचे गुलाम.

फील्डवाली:
इथे शंभर टक्के सहमत. मात्र ही चूक तुम्हाला पकडता आली कारण तुम्ही मेथड वाचलेली आहे. ज्यांनी वाचलेली नाही ते "बारा झाल्या, सॅच्युरेशन आलं, आता नवीन काही निघणार नाही" असा रिपोर्ट पास करतात. मी सक्तीच्या बाजूची आहे ती एवढ्यासाठीच. सगळ्यांनी फील्डवर जावं असं मी म्हणतच नाही. पण पुढे यातले निम्मे लोक असले रिपोर्ट मागवणार आणि वाचणार आहेत. ग्रुप डिस्कशन कुठे घेतलं, तेव्हा योजनेचा अधिकारी खोलीत होता का, गप्प कोण बसलं होतं, विरोधी उदाहरण एकही का नाही, हे चार प्रश्न विचारता आले तरी निम्मे रिपोर्ट परत जातील.

मोजपट्टीचं म्हणाल तर आहे. जागतिक आरोग्य संघटना मार्गदर्शक तत्त्वं करताना क्वालिटेटिव्ह अभ्यासांचा एकत्रित आढावा घेते तेव्हा त्या निष्कर्षांवर किती विश्वास ठेवायचा हे ठरवायला सर्क्वल नावाची पद्धत वापरतात. अभ्यासात काय उणिवा, निष्कर्ष मूळ डेटाशी जुळतो का, डेटा पुरेसा आहे का, आणि आपल्या प्रश्नाला लागू पडतो का, असं बघून उच्च ते अतिशय कमी अशा चार पायऱ्या. परिपूर्ण आहे असं नाही. पण "वाट्टेल ते लिहा" असाही कारभार नाही.

चिकित्सक:
सर्क्वल ठीक आहे. पण मग तज्ज्ञांना बोलवा ना! २०१४ च्या इबोलाचं उदाहरण तुम्ही लोक देताच. पश्चिम आफ्रिकेत दफनाची पथकं यायची आणि मृतदेह घेऊन जायची, घरच्यांना धड बघूही द्यायची नाहीत, लोक मृत्यूच लपवायला लागले. मानववंशशास्त्रज्ञांनी लक्षात आणून दिलं, मग त्याच वर्षी सुरक्षित आणि सन्मानपूर्वक दफनाचे नियम आले, घरच्यांना आणि धर्मगुरूंना त्यात जागा मिळाली. उत्तम काम. पण ते कोणी केलं? त्या भागात वर्षानुवर्षं काम केलेल्या लोकांनी. एका सत्राचा पेपर दिलेल्या पोरांनी नाही. अर्धवट शिकलेला माणूस जास्त धोक्याचा, चार मुलाखती घेऊन येतो आणि "समाजाचं म्हणणं असं आहे" म्हणून सांगतो.

रेघोट्या:
अर्धवट स्टॅटिस्टिक्स शिकलेल्याचा धोका मग काय कमी आहे? पी व्हॅल्यू ०.०५ च्या खाली, म्हणजे निकाल 'लक्षणीय' म्हणायच्या ठरलेल्या रेषेखाली आली की नाचणारे आम्ही रोज बघतो, तरी तो पेपर ऑप्शनल करा असं कोणी म्हणत नाही.

आणि तज्ज्ञांना बोलवा हे इबोलाला ठीक, तिथे सगळ्या जगाचं लक्ष होतं. पण रोजच्या फुटकळ योजनेला कोण तज्ज्ञ येतो? पेन्शनचा फॉर्म बदलायचाय, हेल्पलाइनचा मेनू ठरवायचाय, तिथे तो तिशीतला अधिकारीच असतो आणि त्याच्याकडे फार तर आठवडा. त्या आठवड्यात त्याने काउंटरच्या मागे दोन दिवस बसावं का डॅशबोर्ड बघत बसावं?

टवाळ:
काउंटरच्या मागे साहेब बसले की त्या दोन दिवसांत काउंटर एकदम झकास चालणार, हे विसरलात.

फील्डवाली:
हाहा, खरंय. म्हणून तर बाकावर, रांगेतल्या लोकांच्यात बसायचं, आणि आपण कोण ते विचारलं तर खरं सांगायचं. हेही शिकवावंच लागतं.

मध्यममार्गी:
मग असं करा ना, थिअरीचा भाग छाटा. पॉझिटिव्हिझम, कन्स्ट्रक्टिव्हिझम वगैरे दोन तासांत उरका. प्रत्येकाने मुलाखती घ्यायच्या, स्वतःच टाइप करायच्या, आणि एकच ट्रान्स्क्रिप्ट दोघांनी वेगवेगळं कोड करून समोरासमोर ठेवायचं. मार्क त्यालाच.

चिकित्सक:
आणि दोघांची सहमती किती ते मोजायचं, कप्पा नावाचा आकडा काढून. मग माझा विरोध बराच कमी होईल.

रेघोट्या:
कप्पाला सगळेच मानत नाहीत. रिफ्लेक्सिव्ह थीमॅटिक ॲनॅलिसिसवाले (संशोधकाची स्वतःची नजरही विश्लेषणाचा भाग मानणारे) सरळ म्हणतात की दोघांना एकच दिसायला पाहिजे हा हट्टच चुकीचा. मला स्वतःला दोघांचं कुठे फाटलं ते वाचण्यात जास्त रस आहे, ०.७ आला का ०.८ यात नाही. पण काढायचा तर काढा, भांडण नाही.

चिकित्सक:
चला, मग माझी अट एवढीच, स्टॅटचे दोन्ही पेपर झाल्यावर हा पेपर. आधी पोरांना सॅम्पल म्हणजे काय ते कळू दे.

रेघोट्या:
नाही, आधी. दुसऱ्या स्टॅटच्या पेपरला प्रत्येकाला सर्व्हे करावा लागतो ना, तो बनवायच्या आधी. एकदा हजार लोकांकडून "अर्ज स्वतः भरला का: होय / नाही" भरून आणलं की मग पुढच्या सत्रात "त्यांनी" म्हणजे कोण ते कळून ती पोरं करणार काय?