जीएसटीचं क्रेडिट शिल्लक आहे, तरी ४,५०० रोख भरायचे?

प्रश्न – दुकानदार_सांगली
इलेक्ट्रिकल मालाचं दुकान, सगळा माल १८ टक्क्यांचा. गुजरातहून १ लाखाची खरेदी (दुसऱ्या राज्यातून म्हणून आयजीएसटी १८,०००), सांगलीतून ५० हजारांची (राज्यातलीच म्हणून केंद्राचा सीजीएसटी, राज्याचा एसजीएसटी प्रत्येकी ४,५००). विक्री दीड लाख, सगळी महाराष्ट्रातच. म्हणजे देणं २७,००० (सीजीएसटी, एसजीएसटी प्रत्येकी १३,५००) आणि क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, तीही २७,०००. आयजीएसटीतून आधी सीजीएसटी पूर्ण भागवला, तर एसजीएसटीत ४,५०० कमी पडतात. असं का?

उत्तर १ – वही_खाते
सीजीएसटीचं क्रेडिट एसजीएसटीला चालत नाही, उलटही नाही. तुम्ही आयजीएसटीतले १३,५०० सीजीएसटीला टाकलेत, उरले ४,५००. त्यामुळे सीजीएसटीचं स्वतःचं ४,५०० क्रेडिट पडून राहिलं आणि एसजीएसटी उघडा पडला. आयजीएसटी आधी पूर्ण संपवावा लागतो, पण तो दोघांत कसा वाटायचा हे तुमच्या हातात आहे. ३बी या जीएसटी रिटर्नच्या तक्ता ६.१ मध्ये आयजीएसटीचे दोन्हीकडे ९,०००–९,००० लिहा, रोख शून्य. ऑफसेट (क्रेडिट देण्यात वळतं) करण्याआधीच बदला, नंतर दुरुस्ती नाही. तसंच भरलंत तरी सीजीएसटीचे ते ४,५०० बुडत नाहीत, पुढच्या महिन्यात वापरता येतात. पण आज खिशातून कशाला?

उत्तर २ – करसल्ला_मिरज
गणित बरोबर आहे, पण हे २७,००० तुमच्या २बीत (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून पोर्टलवर बनणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) दिसतायत का? ती १४ तारखेला तयार होते. बिल हातात आहे म्हणून क्रेडिट मिळत नाही. विक्रेत्याने ते जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवायला हवं आणि माल तुमच्याकडे पोचायला हवा. विक्रेता तिमाही रिटर्नवाला असेल आणि त्याने आयएफएफमध्ये (तिमाही संपण्याआधी बिलं दाखवायची सोय) बिल टाकलं नसेल, तर ते तिमाही संपल्यावरच उगवतं. बिलावर तुमचा जीएसटी नंबर चुकला, तर क्रेडिट भलत्याच्या नावावर. कंपोझिशनवाल्याकडून (बिलात जीएसटी न लावता उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारा छोटा व्यापारी) घेतलेल्या मालावर तर क्रेडिटच नाही.

दुकानदार_सांगली
९–९ केलं, रोख शून्य आली. गुजरातच्या पार्टीची उधारी लांबली तर?

उत्तर ३ – वही_खाते
बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत करासह रक्कम चुकती नाही केली, तर तेवढं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. पैसे दिल्यावर पुन्हा घेता येतं, व्याज मात्र गेलं. राहून गेलेल्या बिलाचं क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत आर्थिक वर्षानंतरचा ३० नोव्हेंबर, किंवा त्याआधी वार्षिक रिटर्न भरलंत तर ती तारीख. मालाच्या टेम्पोवर क्रेडिट मिळतं, मालकाच्या कारवर नाही. हा प्रश्न हमखास येतो म्हणून आधीच सांगितलं.