मदत हवी आहे: कॅप्सेसिनने रॅटच्या पिल्लांतल्या चेतापेशी नेमक्या कशाने मरतात?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रबंधात एका प्रश्नापाशी अडकले आहे. चेताशास्त्रातल्या जाणकारांनी कृपया मदत करावी.

कॅप्सेसिन म्हणजे मिरचीला तिखटपणा देणारा पदार्थ. १९७७ मध्ये हंगेरीतल्या गाबोर यान्चो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की दोन दिवसांच्या पिल्लाला किलोमागे ५० मिलिग्रॅमचा एकच डोस कातडीखाली टोचला तर वेदना वाहणाऱ्या लहान संवेदी पेशी मोठ्या संख्येने कायमच्या जातात. असं पिल्लू मोठं झाल्यावर त्याच्या डोळ्यात कॅप्सेसिनचा थेंब टाकला तरी ते जेमतेम डोळा पुसतं. साधा रॅट लगेच पुढच्या पायांनी पुसायला लागतो. मी विभागातल्या जुन्या स्लाइड पाहिल्या. कण्याजवळच्या गँग्लिऑनमध्ये (संवेदी चेतापेशींच्या पुंजक्यात) मोठ्या फिकट पेशी जागच्या जागी आहेत, पण त्यांच्यामधल्या लहान गडद पेशी अगदी विरळ. ते पाहिल्यापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

वाचनात दोन कारणं येतात. एक, पेशीच्या पटलातली टीआरपीव्ही१ ही वाहिनी (डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलेली) कॅप्सेसिनमुळे उघडते, कॅल्शियम आणि सोडियम आत घुसतात, मायटोकाँड्रिया फुगतात आणि पेशी फुटते. दुसरं, आधी या पेशींची कातडीतली टोकं निकामी होतात, त्यामुळे तिथून येणारं एनजीएफ (चेतापेशींना जगवणारं प्रथिन) पेशीपर्यंत पोचत नाही. नवजात वयात या पेशी त्याच्याच आधारावर जगतात, म्हणून त्या आखीव पद्धतीने स्वतःहून, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिसने मरतात. प्रौढ रॅटमध्ये टोकं गेली तरी बऱ्याच पेशी तगतात, हे दुसऱ्या कारणाशी जुळतं. मार्गदर्शक म्हणतात, दोन्ही लिहून टाक. पण मला दोन्ही वेगळी ओळखायची आहेत. टनेल रंगवणी (तुटलेला डीएनए रंगवून मरणाऱ्या पेशी दाखवणारी पद्धत) पुरेल का?

प्रतिसाद:
एकट्या टनेलवर भिस्त ठेवू नका. नेक्रोसिसने, म्हणजे इजा होऊन फुटून, मरणारी पेशीही त्यात रंगते. सोबत सक्रिय कॅस्पेस-३ (आखीव मरण घडवणारं एन्झाइम) पाहा आणि वेळा पाळा: डोस दिल्यानंतरचे पहिले काही तास आणि मग पुढचे दिवस. सुरुवातीलाच मायटोकाँड्रिया फुगून पटल फाटलेलं दिसलं तर पहिलं कारण. पेशी आकसून केंद्रकातलं क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांचं जाळं) गोळा झालेलं दिसलं तर दुसरं. काही पिल्लांना कॅप्सेसिनसोबत एनजीएफ द्या. पेशी वाचल्या, तर आधार तुटणं हे मोठं कारण.

आणखी एक. सबस्टन्स पी (वेदना वाहणाऱ्या अनेक पेशी बनवतात तो संदेशवाहक पदार्थ) रंगत नाही म्हणजे पेशी मेली, असं धरू नका. पेशी जिवंत राहून ते बनवणं थांबवू शकते. केंद्रकं मोजा. शिवाय या वयात काही पेशी एरवीही मरतात, म्हणून त्याच वेतातल्या भावंडांना कॅप्सेसिनशिवाय नुसता द्रावक (ते विरघळवायला वापरलेला द्रव) टोचून तुलना करा.

धागाकर्ती:
मनापासून धन्यवाद! सबस्टन्स पीची चूक मी करणारच होते, तिसऱ्या प्रकरणाचा तक्ता त्याच्यावरच उभा होता. उद्यापासून केंद्रकं मोजायला बसते. लहान गडद पेशीत केंद्रक नीट दिसत नाही, तिथे किती जाडीचा छेद घ्यावा, तेवढं कुणी सांगेल का?