दीड तासाची घरप्रार्थना अर्ध्या तासात कशी बसवायची?

खानापूररोड
गल्लीत दर बुधवारी सांजचं कुणाच्या तरी घरी ख्रिस्ती प्रार्थना असते. पंधरा-वीस माणसं. निम्मी मराठी, चार-पाच कन्नड, दोन घरं कोकणी कॅथलिक. ठरलेला वेळ अर्धा तास, होतो दीड. नव्यानं येणाऱ्या एका बाईंनी विचारलं, "एवढं सगळं पाठ असल्याशिवाय ह्यात येता येत नाही काय ओ?" काय ठेवायचं, काय काढायचं? आणि मुळात किमान किती लागतं, ते नेमकं सांगा की.

मलप्रभाकाठ
आधी बाईंचं उत्तर. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६. पौल आणि सीला हे प्रेषित तुरुंगात असताना फिलिप्पै शहराचा तुरुंगाधिकारी त्यांना विचारतो, तारण (पापातून सुटका) व्हावं म्हणून मी काय करू? उत्तर एका ओळीचं: प्रभू येशूवर विश्वास ठेव. पाठांतराची अट कुठंच नाही. लूकच्या शुभवर्तमानात, अध्याय १८ मधल्या जकातदाराची प्रार्थना मोजा: "हे देवा, मज पाप्यावर दया कर." सहा शब्द. लांबलचक प्रार्थना शेजारच्या परुश्याची (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्याची) आहे, आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार.

आता वेळ. एक गीत, तेही सगळ्यांना येणारं, ४ मिनिटं. बायबलची दहा-बारा वचनं सावकाश वाचायला २ मिनिटं पुरतात. तीच दोनदा वाचा. मग एक मिनिट गप्प बसा (हे सगळ्यात अवघड जातं, कुणीतरी खोकतंच). बोलणं १० मिनिटं, तीनच प्रश्नांवर: ह्यात देव कसा दिसतो, माणूस कसा दिसतो, उद्या सकाळी मी काय करायचं. नंतर ज्याला वाटेल त्यानं दोन वाक्यांत प्रार्थना करायची, शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली. चहा ह्या हिशोबात धरू नका.

वेळ खातो तो संदेश नव्हे, प्रार्थना. एकजण देवाला सांगता सांगता मंडळीला उपदेश करायला लागतो. दुसरा कुणाच्या घरची भांडणं "प्रार्थनाविषय" म्हणून उघड करतो. दोन वाक्यांचा नियम सुरुवातीलाच सांगून टाकला की दोन्ही थांबतं. आजाऱ्याचं नाव घ्या, आजार सांगू नका.

टिळकवाडी_कोपरा
दोन भाषांचं सांगतो. अध्याय-वचनांचे आकडे मराठी नि कन्नड पवित्र शास्त्रात जवळपास सगळीकडे तेच असतात. पण म्हणून एक वचन मराठीत, पुढचं कन्नडमध्ये असं करू नका. कुणालाच सलग अर्थ लागत नाही. पहिलं वाचन पूर्ण मराठी, दुसरं पूर्ण कन्नड. वर दोनदा म्हटलंय ते असं आपोआप साधतं.

प्रभूच्या प्रार्थनेत घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. कन्नडमध्ये "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये" अशी सुरुवात. वाक्यांची लांबी मराठीशी जुळत नाही, त्यामुळं एक गट पुढं पळतो. नाव, राज्य, इच्छा, भाकर, क्षमा, परीक्षा: ह्या सहा थांब्यांवर चालवणाऱ्यानं क्षणभर थांबायचं, मग मागचे येऊन मिळतात. दुसरं, "वाइटापासून सोडव" म्हटलं की कॅथलिक थांबतात आणि बाकीचे "राज्य, सामर्थ्य, गौरव" म्हणत पुढं जातात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ती ओळ नाही, लूक ११ मध्येही नाही. तिच्यावरून कुणी खरा-खोटा ठरत नाही. म्हणायची की नाही ते घरमालकानं आधी सांगावं, झालं.

तेर्सवाली
कोकणी घरांच्या बाजूनं थोडं. साधेपणा म्हणजे पाठ केलेलं सगळं काढून टाकणं असं धरू नका. ज्या आजीला अक्षर येत नाही तिला "स्वतःच्या शब्दांत करा" म्हणणं हेच ओझं. तेर्साच्या माळेवर (रोझरी, जपमाळ) ५३ वेळा नमो मरिया ही मरियेची प्रार्थना, ६ वेळा प्रभूची प्रार्थना. बोटं मोजतात, मन मोकळं राहतं. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या दिदाखे ह्या ख्रिस्ती शिकवणीच्या छोट्या पुस्तकातही प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलीय. तेव्हा पाठांतर हे आधार म्हणून असावं, दारावरची परीक्षा म्हणून नको.

आणि बाप्तिस्मा कुठं गेला?

मलप्रभाकाठ
ताई, बरोबर, ते माझ्याकडून सुटलं. त्याच अध्यायात पुढं वाचा: तुरुंगाधिकारी त्याच रात्री पौल आणि सीला यांचे फटक्यांचे वळ धुतो, बाप्तिस्मा घेतो, मग जेवू घालतो. पाण्याचंही दिदाखेत दिलंय: वाहतं असेल तर उत्तम, थंड नसेल तर कोमट, दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावानं. लहान बाळाचा घ्यायचा की मोठेपणी, बुडवून की ओतून, ह्यावर मंडळ्यांत मतभेद आहेत. ते बुधवारी काढायचेच नाहीत, पाळकांकडं किंवा फादरांकडं पाठवायचं.

तारण "विश्वासानं की कृत्यांनी" हा वादही तसाच. १९९९ मध्ये लुथरन (एक प्रोटेस्टंट पंथ) आणि कॅथलिकांनी ऑग्सबर्गला ह्यावर संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, २००६ मध्ये मेथडिस्ट हा दुसरा प्रोटेस्टंट पंथही त्यात आला. तारण कृपेनं, आणि कृपा मिळालेला माणूस वळ धुतो. गल्लीत नव्यानं भांडायची गरज नाही.

हिडकलपाणी
एकच जोडतो, पण त्याच्यात तडजोड नको. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा. "विश्वास कमी पडला म्हणून बरं वाटेना" असं कुणी म्हणालं तर तिथंच अडवा. साखर, बीपी, फिट्सच्या गोळ्या बंद करायला कुणी सांगत असेल तर त्याच्या हातात पुन्हा बैठक देऊ नका. मार्कच्या शुभवर्तमानात, अध्याय २ मध्ये, एकट्या पक्षघाती माणसाचा नव्हे, त्याला उचलून आणणाऱ्यांचाही विश्वास येशूनं पाहिला. खाटेवरच्याची परीक्षा घेतलेली नाही.

खानापूररोड
पहिल्या बुधवारी कुठला उतारा घेऊ? उधळ्या पुत्राचा चालेल?

टिळकवाडी_कोपरा
लूक १५:११-३२, २२ वचनं होतात; दोन भाषांत दोनदा म्हणजे वेळ गेलाच. तो दोन बुधवारांत घ्या, थोरल्या भावाचा भाग, २५ पासून, वेगळा. पहिल्यांदा लूक १८:९-१४ घ्या. सहाच वचनं आहेत, आणि त्या बाई आल्या तर त्यांनाच पहिलं वाचन द्या, वाचता येत असेल आणि तयार असतील तर.